गाव सोडणाऱ्यांसाठी कायदा कोणता?

दसरा उलटला, सोयाबीन घरात आले, की हिंगोली जिल्ह्यातल्या काही गावांचा नूर पालटतो. सेनगाव, औंढा, कळमनुरी या तालुक्यांतल्या माळरानावरच्या वस्त्यांपुढे ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, पीठमीठ, गोधड्या, कोंबड्यांचे डालगे आणि सगळ्यांच्या वर मुले. चार-सहा दिवसांत गल्ली सामसूम होते. दारांना कुलपे लागतात आणि ओट्यांवर म्हातारी माणसे तेवढी उरतात. गेलेली मंडळी कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे या भागांत ऊस तोडतात. काही टोळ्या बेळगाव-बागलकोटकडे, म्हणजे कर्नाटकात जातात. होळी-पाडव्याच्या सुमारास ती परततात.

हे इतकी वर्षे चालले आहे, की आता त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण श्रोतेहो, पोटासाठी गाव सोडणाऱ्या माणसाचे काय करायचे, हा सबंध देशापुढचा प्रश्न आहे. त्यावर चार निरनिराळी मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, बाहेरच्यांना दार बंद करा, आधी स्थानिकांना काम द्या. दुसरा म्हणतो, गावातच काम द्या, म्हणजे कोणी गाव सोडणारच नाही. तिसरा म्हणतो, जाणाऱ्याची नोंद करा आणि नेणाऱ्याला नियम घाला. चौथा म्हणतो, माणूस जाईल तिथे त्याचे हक्क त्याच्याबरोबर जाऊ द्या.

चारही मते ऐकायला बरी वाटतात. पण हवेत तोलून त्यांचे वजन कळणार नाही. त्यासाठी आपण एक माप घेऊ. समजा, सेनगाव तालुक्यातले एक जोडपे आहे. दोन एकर कोरडवाहू जमीन, दोन लेकरे आणि घरात म्हातारे आईबाप. फडाच्या भाषेत अशा जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. नवराबायको मिळून एक कोयता. माणूस एकटाच असेल तर तो अर्धा कोयता! माणसांची मोजदाद हत्यारावरून करणारा धंदा विरळाच. तर हा एक कोयता हेच आपले माप. प्रत्येक मताला आपण एवढेच विचारू, ‘बाबा, तुझ्यामुळं या कोयत्याचं काय होणार?’

आधी या जोडप्याचा प्रवास समजून घेतला पाहिजे. तो दसऱ्यानंतर सुरू होतो असे आपल्याला वाटते. खरा तो पावसाळ्यातच सुरू होतो. मुकादम घरी येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती एकरकमी हातात पडते. कोणाच्या बहिणीचे लग्न असते, कोणाचा दवाखाना असतो, कोणाला मागच्या सालचे देणे फेडायचे असते. ही उचल पुढे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. मजुरी टनावर मोजतात. पहाटे अंधारात फडात शिरायचे, ऊस तोडायचा, सोलायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून वाहून गाडी भरायची. एक दिवस खाडा झाला तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. हंगाम संपताना हिशेब होतो. उचल फिटली तर बरे. नाही फिटली, तर राहिलेली बाकी पुढच्या सालच्या डोक्यावर.

साखळी अशी असते: वर कारखाना, त्याखाली तोडणी-वाहतुकीचा ठेकेदार, त्याखाली मुकादम, त्याखाली टोळी. पैसा वरून खाली येतो, ऊस खालून वर जातो. मात्र काही बरेवाईट झाले, तर जबाबदारी कुठे जाते ते लवकर सापडत नाही. कारखाना म्हणतो, ‘हे आमचे कामगार नव्हेत.’ ठेकेदार म्हणतो, ‘मुकादमाला विचारा.’ आणि मुकादम तर त्यांच्याच गावचा, बहुधा नात्यातलाच!

आता कायदा पाहू. आपल्या देशात स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ साली एक केंद्रीय कायदा झाला. त्याचे नाव ‘आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा’. ओरिसातल्या सरदारांनी, म्हणजे मुकादमांनीच, दूरदूर नेलेल्या मजुरांचे हाल पाहून तो करण्यात आला. पाच किंवा अधिक मजूर परराज्यात नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, मजुराला फोटो लावलेले पासबुक द्यावे, जाण्यायेण्याचा खर्च द्यावा, विस्थापन भत्ता म्हणून महिन्याच्या मजुरीची निम्मी रक्कम किंवा ७५ रुपये यांतली मोठी रक्कम द्यावी, राहायला जागा आणि औषधपाणी द्यावे, असे त्यात होते. कायदा चांगला होता. पण त्यात एक शब्द असा होता, की त्या एका शब्दापायी आपला कोयता बाहेर राहिला. तो शब्द म्हणजे ‘आंतरराज्य’.

आपले जोडपे कोल्हापूरला गेले, तर ते महाराष्ट्रातून महाराष्ट्रातच गेले. कायद्याच्या लेखी ते स्थलांतरित नव्हेत. तेच जोडपे शिवेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात गेले, तर मात्र ते स्थलांतरित. ऊस तोच, कोयता तोच, मुकादम तोच, पाचटाने कापलेले हातही तेच. पण एका बांधावर कायदा आहे आणि दुसऱ्या बांधावर नाही.

यातली गंमत आपल्या हिंगोलीकरांना इतरांपेक्षा लवकर कळावी. १९५५ सालचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि परभणी हैदराबाद राज्यात. कोल्हापूर आणि बेळगाव दोन्ही मुंबई राज्यात होते. म्हणजे त्या साली हिंगोलीचा माणूस कोल्हापूरला गेला असता, तर तो परराज्यात गेला असता. आणि निजामाबादला गेला असता, तर आपल्याच राज्यात राहिला असता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि एका रात्रीत उलटे झाले. निजामाबाद परराज्य झाले, कोल्हापूर आपले झाले आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. हिंगोलीहून निजामाबाद अदमासे दोनशे किलोमीटर, कोल्हापूर पाचशेच्या आसपास. जवळचा तो परका आणि लांबचा तो आपला! रेघ बदलली म्हणून फडातले कष्ट एका मोळीनेही कमी झाले नाहीत. मग कायद्याने ती रेघच का मोजावी?

हा प्रश्न मनात ठेवून आता ती चार मते एकेक करून तपासू.

पहिले मत : दार बंद करा.

या मतामागचे दुःख खोटे नाही. आपल्या गावाशेजारी कारखाना उभा राहतो, जमीन आपली जाते आणि नोकऱ्या मात्र परक्यांना मिळतात, असे तरुणांना वाटले तर त्यांना दोष कसा द्यावा? स्थानिकांना बहुतांश जागा मिळाव्यात असे सरकारी धोरण महाराष्ट्रातही कित्येक वर्षे आहे. हरयाणाने त्यापुढे जाऊन खासगी नोकऱ्यांतही ७५ टक्के जागा स्थानिकांसाठी राखणारा कायदा केला. तो जानेवारी २०२२ मध्ये अमलात आला आणि १७ नोव्हेंबर २०२३ रोजी पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. कर्नाटकातही जुलै २०२४ मध्ये अशाच विधेयकाला मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि गदारोळ होताच ते बाजूला ठेवले.

अडचण राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाची आहे. भारताच्या नागरिकाने देशात कुठेही जावे, कुठेही राहावे, हा त्याचा मूलभूत हक्क आहे. सरकारी नोकरीसाठी रहिवासाची अट घालायची झाली, तरी सोळाव्या कलमाप्रमाणे ती फक्त संसदेला घालता येते. आपल्या मराठवाड्याला हा विषय नवा नाही. निजामाच्या राज्यात १९१९ पासून ‘मुल्की’ नियम होते. पंधरा वर्षांचा रहिवास असेल तो मुल्की, बाकीचे गैरमुल्की. सरकारी नोकरी मुल्कीला. १९५२ साली याच प्रश्नावरून वरंगळ-हैदराबादकडे मोठे आंदोलन झाले. आपण त्या वेळी मुल्की होतो. चारच वर्षांनी राज्य बदलले आणि हैदराबादेत आपण गैरमुल्की ठरलो. परका कोण, हे माणसाच्या अंगावर लिहिलेले नसते ते असे.

आता आपले माप लावू. ‘कोयत्याच्या जागा स्थानिकांसाठी राखून ठेवा,’ अशी मागणी कोणी कधी केल्याचे ऐकिवात आहे का? ही मागणी नेहमी सावलीतल्या कामासाठी असते. उन्हातल्या कामाला बाहेरचा माणूस सर्वांना चालतो. आणि हिंगोली हा माणसे पाठवणारा जिल्हा आहे. दार बंद करण्याची चाल सगळीकडे पडली, तर ते दार आधी आपल्याच लोकांच्या तोंडावर लागेल. संत नामदेवांचे जन्मगाव नरसी, अशी परंपरा आहे; ते नरसी याच जिल्ह्यात. तिथला माणूस पंजाबात घुमानला गेला, तिथल्या लोकांत राहिला, आणि त्यांची पदे शिखांच्या ग्रंथसाहिबात मानाने बसली. ज्या मातीतून असा माणूस निघाला, तिने तरी ‘बाहेरचा’ हा शब्द जपून वापरावा.

दुसरे मत : गावातच काम द्या.

हे मत सर्वांना आवडते आणि त्यात महाराष्ट्राचा हात मोठा आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूर गावी रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसांनी दुष्काळी कामांवर खडी फोडली. त्या अनुभवानंतर १९७७ साली राज्याने रोजगार हमीचा कायदा केला. मागेल त्याला काम, हे तत्त्व कायद्यात आले. २००५ साली तेच तत्त्व सबंध देशाने उचलले आणि ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी मिळाली. त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये संमत केला. त्यात १२५ दिवस सांगितले आहेत.

मग तरीही ट्रॅक्टर का येतात? सवाशे दिवस गावात काम मिळाले, तर माणूस लेकरांना घेऊन पाचशे किलोमीटर का जाईल? याचे उत्तर दिवसांच्या आकड्यात नाही, पैसा केव्हा हातात पडतो यात आहे. हमीचा पैसा काम झाल्यावर येतो, मोजमाप झाल्यावर येतो, आणि कधी कधी वाट पाहायला लावून येतो. उचल कामाच्या आधी येते आणि एकरकमी येते. मुलीचे लग्न वैशाखात ठरले असेल, तर हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या मजुरीवर ते होत नाही. मुकादम हा नुसता कामावर नेणारा नव्हे, तो गरिबाचा सावकारही आहे. म्हणून गावात काम देणाऱ्या योजनेने जोवर गावात वेळेवर, वाजवी व्याजाचे कर्ज देण्याची सोय केली नाही, तोवर मुकादमाशी तिची बरोबरी होणार नाही.

शिवाय आणखी एक गोष्ट खरी. सगळेच लोक नाइलाजाने जातात असे नाही. काहींना दोन पैसे जास्त मिळतात, कोणी त्यावर घर बांधले आहे, कोणी विहीर. गावात काम हवेच. पण जाऊ इच्छिणाऱ्याला गावात अडवून ठेवणे हा काही उपाय नव्हे.

तिसरे मत : नोंद करा, नियम घाला.

१९७९ चा कायदा या मताचे अपत्य होते. त्याची नोंदवही किती कोरी राहिली हे २०२० साली दिसले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. देशभर माणसे पायी निघाली. आपले ऊसतोड मजूर कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला तेव्हा त्यांचा घरचा रस्ता मोकळा झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकसभेत प्रश्न विचारला गेला, की या काळात किती स्थलांतरित मजूर वाटेत दगावले? सरकारचे उत्तर आले, अशी माहिती ठेवलेली नाही. ज्याची नोंद नाही, त्याच्या मरणाचीही नोंद होत नाही.

त्यानंतर पावले पडली हे मान्य केले पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ‘ई-श्रम’ नोंदणी सुरू झाली आणि तिच्यात तीस कोटींहून अधिक नावे आली. १९७९ चा कायदा २०२० च्या कामगार संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. या संहितेत एक गोष्ट सुधारली. ठेकेदाराने नेलेलाच नव्हे, तर स्वतःहून परराज्यात कामाला गेलेला मजूरही आता स्थलांतरित धरला जातो. त्यासाठी १८,००० रुपयांची पगारमर्यादा आहे. पण दोन गोष्टी मागे सरकल्या. पाच मजुरांची अट दहावर गेली आणि विस्थापन भत्ता गळला. आणि तो जुना शब्द? ‘आंतरराज्य’ हा शब्द जसाच्या तसा राहिला. सेनगावहून कोल्हापूरला जाणारा कोयता नव्या दारापुढेही उभाच आहे.

हा शब्द किती माणसांना बाहेर ठेवतो, याचा अंदाज २०११ च्या जनगणनेवरून येतो. देशात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाऊन राहिलेली माणसे ४५ कोटींहून अधिक होती. त्यांत लग्न होऊन सासरी गेलेल्या बायका पुष्कळ, हे खरे. पण राज्याची सीमा ओलांडून आलेले आठांत एखादाच. बाकीचे सारे आपल्याच राज्यात हलले होते. आणि आपला कोयता तर या गणतीतही नीट सापडत नाही, कारण तो सहा महिने इकडे आणि सहा महिने तिकडे.

नियम घालण्याचा एक चांगला नमुना महाराष्ट्रातच आहे. हमाल-माथाड्यांसाठी अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्याची रचना साधी आहे. मालकाची नोंद मंडळाकडे, मजुराची नोंदही मंडळाकडे. मालक मजुरी मंडळात भरतो आणि वर ठरलेली लेव्ही भरतो. मंडळ मजुराला मजुरी देते आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना सांभाळते. हमाल आज या पेढीवर आणि उद्या त्या पेढीवर असला, तरी त्याचे खाते एकच.

ऊसतोड मजुरांसाठी राज्याने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ काढले. कारखान्याने गाळलेल्या दर टनामागे १० रुपये द्यावेत, असे ठरले. पाच लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे ते पन्नास लाख रुपये होतात. ग्रामपंचायतीमार्फत मजुरांची नोंद करून ओळखपत्रे देण्याचेही ठरले. हे स्वागतार्ह आहे. पण महामंडळ आणि माथाडी मंडळ यांतला फरक ध्यानात घ्या. महामंडळ मजुराला मदत देते. माथाडी मंडळ मजुराच्या आणि मालकाच्या मधे उभे राहते. उचलीचा आणि टनाचा हिशेब अजून मुकादमाच्या वहीतच राहतो.

कारखानदारांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, आमचा कारखाना सहकारी. त्याचा मालक म्हणजे ऊस घालणारा शेतकरीच. मजुरांवरचा खर्च वाढला, की तो उसाच्या भावातून वजा होणार. मुकादमाचे रडगाणेही अगदीच खोटे नाही. तो म्हणतो, ‘मी लाखांनी उचल वाटतो, टोळी रातोरात दुसरीकडं जाते, आणि माझी जमीन विकायची पाळी येते.’ पण यावरून नोंद नको असे निघत नाही. नोंद हवीच असे निघते. कागदावर असलेली उचल दोघांच्याही संरक्षणाची असते.

इथे एक तुलना करून पाहण्याजोगी आहे. दहावी न झालेला हिंगोलीचा माणूस सौदी अरबस्तानात मजुरीला निघाला, तर १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्याप्रमाणे सरकारी संरक्षक अधिकाऱ्याची परवानगी लागते. पगार किती, काम कोणते, हा करार पाहिला जातो. नेणाऱ्या दलालाला परवाना लागतो, अनामत ठेवावी लागते आणि मजुराचा विमा काढावा लागतो. त्यातही फसवाफसवी होते. पण निदान कागद असतो, आणि कागद असला की दाद मागता येते. तोच माणूस कोल्हापूरला निघाला, तर लाखाची उचल होते आणि कागदाचा कपटा नसतो. समुद्रापलीकडे जाणाऱ्याला सरकार विचारते, ‘करार कुठं आहे?’ भीमेपलीकडे जाणाऱ्याला कोणी विचारीत नाही.

चौथे मत : हक्क बरोबर जाऊ द्या.

हे सर्वांत नवे मत. माणूस हलतो, मग त्याचे रेशन, शाळा, मत गावातच का खिळून राहावे? रेशनच्या बाबतीत हे पुष्कळसे साधले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या दोन जोड्यांत एका कार्डावर दुसरीकडे धान्य मिळू लागले आणि जून २०२२ पर्यंत सारा देश त्यात आला. आपल्या जोडप्याने आपला वाटा कोल्हापूरकडच्या दुकानात घ्यावा आणि म्हाताऱ्या आईबापांनी आपला वाटा गावी उचलावा, अशी सोय आहे. अडचण उरते ती फडातली. दुकान लांब, टोळी आठवड्याला फड बदलते, आणि कोयत्याने व पाचटाने बोटे इतकी झिजलेली, की यंत्रावर ठसा उमटायला वेळ लागतो.

शाळेचे काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलाला एका शाळेतून दुसरीत सहज जाता यावे असे म्हटले आहे. कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा निघाल्या. मुले गावीच राहावीत म्हणून मराठवाड्यात हंगामी वसतिगृहे निघाली. दोन्हींमागचा हेतू चांगला. पण अधल्यामधल्या वर्गातल्या मुलाला हंगामाच्या मध्यात उपटून दुसरीकडे लावले, की रोप जगतेच असे नाही. आणि आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी बहुधा कोपीत धाकट्याला सांभाळायला लागते.

मताचीही तीच कथा. २०२४ मध्ये गाळप हंगामाची तारीख ठरली १५ नोव्हेंबर आणि विधानसभेचे मतदान होते २० नोव्हेंबरला. ज्याला टोळीबरोबर जायचे, त्याने मत द्यायचे की उचल फेडायची? निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव मांडला होता. गावापासून दूर राहूनही गावच्या उमेदवाराला मत देता यावे, अशी ती कल्पना. पक्षांचे एकमत झाले नाही. हंगामाची तारीख आठवडाभर पुढे नेणे त्याहून सोपे होते. पण ज्यांचे मत बुडते त्यांचा आवाज तारीख ठरवणाऱ्यांपर्यंत पोचत नाही.

चौथे मत माणुसकीचे आहे यात शंका नाही. पण त्यात एक उणीव आहे. ते सरकारकडून मागते, मालकाकडून काहीच मागत नाही. रेशन मिळाले, शाळा मिळाली, तरी टनाचा भाव कोण ठरवतो, काटा कोण पाहतो, गाडीखाली सापडलेल्या माणसाची भरपाई कोण देतो, हे प्रश्न तसेच राहतात. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, ती संघटनांनी कोयता बंदची हाक दिली म्हणून. रेशन कार्डामुळे नव्हे.

तेव्हा चार मतांचा ताळा असा जमतो. पहिले मत बाकीच्या तिघांशी भांडते, आणि आपल्यासारख्या पाठवणाऱ्या जिल्ह्याचे त्यात नुकसानच आहे. उरलेली तीन एकमेकांची वैरी नाहीत. दुसऱ्याने गाव सोडण्याची सक्ती कमी होते. तिसऱ्याने वाटेतली लूट कमी होते. चौथ्याने परगावी राहणे सुसह्य होते. भांडण त्यांच्यात नाही. चूक आहे ती कायद्याच्या पहिल्या प्रश्नात. कायदा विचारतो, ‘हद्द कोणती ओलांडली?’ त्याने विचारायला हवे, ‘घर किती दिवस सोडले आणि कोणाच्या कामासाठी सोडले?’ हा एक प्रश्न बदलला, की कोल्हापूरचा फड आणि बेळगावचा फड एकाच कायद्याखाली येतात.

यासाठी दिल्लीकडेच डोळे लावून बसायला नको. आंतरराज्य स्थलांतर हा विषय घटनेच्या केंद्रसूचीत ८१ व्या क्रमांकावर आहे, हे खरे. पण कामगारांचे कल्याण हा विषय समवर्ती सूचीत आहे. राज्यालाही त्यात कायदा करता येतो. माथाडी कायदा महाराष्ट्राने केला तो याच अधिकाराने. रोजगार हमी आधी महाराष्ट्रात झाली आणि मग देशाने घेतली. ऊसतोड मजुरांबाबतही तसेच का होऊ नये? उचल गावात, ग्रामपंचायतीसमोर कागदावर व्हावी. मजुरी मुकादमाच्या हातून न जाता मजुराच्या खात्यात पडावी, आणि नवऱ्याच्या एकट्याच्या नव्हे, दोघांच्याही खात्यांत. अपघाताची जबाबदारी साखळीच्या टोकाला, म्हणजे कारखान्यावर असावी. तीन कलमांचा हा मजकूर आहे. त्याला फार मोठी समिती लागू नये.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातातले काय? दसऱ्याच्या आधी होणाऱ्या ग्रामसभेत आपल्या गावातून कोण, कुठल्या कारखान्याला, कोणाच्या टोळीत चालले याची यादी करा. ऊसतोड मजुराचे ओळखपत्र घेतले नसेल तर मागून घ्या. ई-श्रमात नाव घाला. बाईचे नाव वेगळे घाला, कारण कायद्याच्या नोंदीत अर्धा कोयता नसतो, अख्खा माणूस असतो. उचलीची रक्कम, तारीख आणि टनाचा दर एका वहीत लिहून त्यावर मुकादमाची सही घ्या. मुकादम गावचाच आहे. भल्या माणसाला सही द्यायला अवघड वाटू नये. मुले मागे ठेवणार असाल, तर हंगामी वसतिगृहासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांना निघण्याआधी भेटा, निघाल्यावर नव्हे.

ट्रॅक्टर येतील तेव्हा दाराला कुलूप लागेलच. त्याची किल्ली कनवटीला असते, तशी ही वहीही बरोबर असू द्या.